दहा मिनिटांत उतरलेला झटका

सकाळी ६:४५

वॉर्डात शिरल्यावर आधी खिडकीजवळच्या खाटेकडे जाते. आजची पहिली शस्त्रक्रिया या काकांची. वय ६८, बारामतीजवळच्या वाडीवरचे ऊस-शेतकरी. नऊ दिवसांपूर्वी सकाळी चहा पिताना त्यांच्या उजव्या हातातून बशी निसटली. बायकोला हाक मारायला गेले, तर तोंडातून शब्दच फुटेना. दहा मिनिटांनी हात हलू लागला, बोलणंही आलं. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं असेल. लिंबूपाणी दिलं, आणि दुपारी काका पाण्याची पाळी धरायला शेतावर गेलेसुद्धा. मुलगी पुण्यात नर्स आहे. रात्री फोनवर सहज विषय निघाला, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तिनं वडिलांना आणवून घेतलं. ती नर्स नसती तर काका आज इथे नसते.

"काका, दोन्ही हात समोर धरा, डोळे मिटा. आता दात दाखवा. जीभ बाहेर काढा. घरात कोण कोण असतं सांगा बघू."

काका नातवंडांपर्यंत सगळी नावं सांगतात. हात स्थिर, जीभ सरळ, आवाज खणखणीत. सगळं फाइलमध्ये लिहून ठेवते. संध्याकाळी हेच पुन्हा विचारायचं आहे, आणि तेव्हा काही वेगळं दिसलं तर ते नवं आहे की आधीपासूनचं, हे कळायला हवं. जिभेची नस आणि आवाजाची नस आमच्या कात्रीपासून काही मिलिमीटरवरून जातात.

काकी पदराचं टोक पिळत उभ्या आहेत. शेवटी मुलगीच त्यांच्या वतीनं विचारते, "मॅडम, आई म्हणतेय, अण्णा तर आता ठणठणीत आहेत. मग मान कापायची कशाला?"

हा प्रश्न मला आवडतो, कारण तो विचारला गेला नाही तर सही नुसती कागदावर राहते. काकींना त्यांच्याच मानेला, कंठमण्याच्या थोडं वर आणि बाजूला, बोट लावायला सांगते. तिथे ठोका लागतो ती कॅरोटिड. तिथेच तिच्या दोन फांद्या होतात, एक चेहऱ्याकडे, एक मेंदूकडे. फांदी फुटते त्या फुगीर जागी रक्ताचा वेग एका कडेला मंदावतो आणि चरबीचा थर नेमका त्या कडेला बसतो. काकांची डावी बाजू तिथे ८० टक्के अरुंद झाली आहे. थर वरून फाटला, त्यावर गुठळी धरली, तिचा कण सुटून डाव्या मेंदूत अडकला. डावा मेंदू उजवा हात चालवतो, आणि बोलणंही बहुतेकांचं तिथेच असतं. तो कण विरघळला, म्हणून काका बरे झाले. पुढचा कण विरघळेलच असं नाही.

मग आकडा सांगते. १९९१ साली उत्तर अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिरेत ७० टक्क्यांहून जास्त अडथळा आणि असा झटका नुकताच येऊन गेलेला, अशी माणसं त्यात होती. नुसत्या औषधांवर ठेवलेल्या १०० जणांपैकी २६ जणांना दोन वर्षांत त्या बाजूचा लकवा झाला. शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ जणांना, आणि त्या ९मध्ये शस्त्रक्रियेमुळे झालेले लकवेही धरलेले होते. धोका आहे, तो मी लपवत नाही. पण न करण्याचा धोका जास्त आहे.

काकी विचारतात, "मग उसाची तोड झाल्यावर केलं तर?"

याचंही उत्तर आकड्यांत आहे, आणि माझ्या सगळ्या कामात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुन्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २००४ साली हिशेब मांडला गेला. झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया केली, तर साधारण ५ जणांमागे एकाचा लकवा टळतो. बारा आठवडे उलटल्यावर तीच शस्त्रक्रिया केली, तर एकाचा लकवा टाळायला १२५ जणांच्या माना उघडाव्या लागतात. शीर तीच, सर्जन तोच, टाकेही तेच. फरक फक्त दिवसांचा. तोड होईपर्यंत थांबलो तर धोक्याचे दिवस निघून गेलेले असतील, किंवा काका तरी.

काकी सही करतात.

सकाळी ७:४५

न्यूरोलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट आणि आम्ही, एका पडद्यासमोर. आठवड्याच्या केसेस भराभर होतात. एका रिपोर्टवर मात्र अडतो. बाहेरच्या सेंटरनं ७० टक्के लिहिलंय, आमच्या मोजणीत ५० येतंय. दोघंही चुकलेले नाहीत. कोणी अरुंद जागेची तुलना पुढच्या निरोगी शिरेशी करतं, कोणी त्याच जागी शीर मुळात किती रुंद असेल याच्या अंदाजाशी. म्हणून रिपोर्टमधला टक्का मी एकटा कधी वाचत नाही. झटका आला होता का, कुठल्या बाजूचा आणि कधी, हे आधी विचारते.

सकाळी ८:३०

ऑपरेशन थिएटर. भूलतज्ज्ञ काकांना मानेपुरतीच भूल देतात. काका जागे आहेत, हिरव्या कापडाच्या तंबूखालून हळू आवाजात बोलताहेत. त्यांच्या उजव्या हातात आम्ही रबराचं पिवळं बदक दिलंय. दाबलं की वाजतं. दर काही सेकंदांनी दाबत राहायचं, एवढंच त्यांचं काम.

पूर्ण भूल द्यावी की अशी अर्धवट, यावर ३,५०० हून जास्त रुग्णांचा एक अभ्यास २००८ साली आला आणि निकालात फरक दिसला नाही. तरी मी शक्य तिथे रुग्णाला जागं ठेवते. रक्तपुरवठा थांबवल्यावर मेंदूचं काय चाललंय हे जागा माणूस जितकं स्पष्ट सांगतो, तितकं कुठलंही यंत्र सांगत नाही.

कानामागून खाली येणाऱ्या स्नायूच्या पुढच्या कडेनं छेद. चेहऱ्याकडून येणारी शीर बांधून बाजूला केली की दुभाग दिसतो. वर आडवी जाणारी जिभेची नस, मागे आवाजाची. दोन्ही ओळखून घेते, शक्यतो हात लावत नाही. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन ५,००० युनिट. तीन मिनिटं थांबायचं. मग चिमटे. आधी मेंदूकडे जाणारी फांदी, म्हणजे हाताळताना सुटलेला कण वर जाणार नाही. नंतर मुख्य शीर, नंतर चेहऱ्याची.

बदक वाजतं. पुन्हा वाजतं. भूलतज्ज्ञ विचारतात, "काका, यंदा कुठला ऊस लावलाय?" काका म्हणतात, "शहाऐंशी..." आणि थांबतात. बदकही थांबतं.

अशा वेळी घाई करायची नाही आणि उशीरही करायचा नाही. शीर उघडते, सिलिकॉनची बारीक नळी एक टोक वर मेंदूकडे, एक टोक खाली मुख्य शिरेत अशी बसवते आणि आतली हवा काढून रक्त सोडते. अरुंद जागेला वळसा घालून मेंदूला पुन्हा रक्त मिळू लागतं. थिएटरमध्ये कोणी बोलत नाही. साधारण मिनिटभरानं बदक एकदा अर्धवट वाजतं, मग नीट, आणि कापडाखालून काका म्हणतात, "शहाऐंशी शून्य बत्तीस. को शहाऐंशी शून्य बत्तीस." सिस्टर मोठ्यानं श्वास सोडतात.

आता मुख्य काम. शिरेच्या भिंतीच्या थरांमध्ये एक नैसर्गिक फट असते. ती सापडली की पिकल्या संत्र्याची साल सुटावी तसा चरबीचा थर भिंतीपासून सुटत येतो. काकांचा थर पिवळा, मध्ये कडक, एका जागी फाटलेला, आणि त्या भेगेत तांबूस मऊ गुठळी चिकटलेली. बोटाच्या पेराएवढा सगळा ऐवज. नऊ दिवसांपूर्वी बशी पाडली ती या भेगेनं. वरच्या टोकाला थर बारीक होत जिथे संपतो तिथे कड उचलली गेली नाही ना, हे पुन्हा पुन्हा पाहते. ती सुटी राहिली तर रक्ताच्या जोरानं उघडून शीर बंद पाडेल. शंका वाटते तिथे दोन टाके. मग गायीच्या हृदयावरणापासून केलेली पट्टी लावून शीर बंद करते, म्हणजे टाक्यांनी ती पुन्हा अरुंद होत नाही. धागा केसाहून बारीक, प्रत्येक टाका भिंगाखाली. शेवटचे टाके राहिले की नळी काढते.

चिमटे सोडण्याचा क्रम उलटा. आधी चेहऱ्याची फांदी, मग मुख्य शीर. आत काही राहिलं असेल तर ते चेहऱ्याकडे वाहून जाऊ दे, तिथे नुकसान होत नाही. काही ठोक्यांनंतर मेंदूची फांदी.

या शस्त्रक्रियेला फार वर्षं झालेली नाहीत. मानेतल्या शिरेचा आणि लकव्याचा संबंध मिलर फिशर यांनी १९५१ साली नीट मांडला. १९५४ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात ईस्टकॉट, पिकरिंग आणि रॉब यांनी ६६ वर्षांच्या एका बाईंवर शस्त्रक्रिया केली. त्यांना तोवर ३३ वेळा असे येऊन जाणारे झटके आले होते. मेंदू वाचवायला त्यांचं शरीर थंड केलं गेलं, अरुंद तुकडा कापून टोकं जोडली, आणि झटके थांबले. मला त्या ३३चं नेहमी वाईट वाटतं. प्रत्येक वेळी बाई बऱ्या होत गेल्या आणि पुन्हा वाट पाहत राहिल्या.

दुपारी १२:३०

कॅथलॅब. इथला रुग्ण वेगळा. गळ्याच्या कॅन्सरसाठी कित्येक वर्षांपूर्वी मानेला रेडिएशन घेतलेला. तंबाखू सुटली, कॅन्सर गेला, पण रेडिएशननं मानेतल्या शिरा आकसल्या. आपल्याकडे तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमधून वाचलेली माणसं इतकी आहेत की ही गोष्ट त्यांच्या घरच्यांना माहीत असायलाच हवी. मागच्या आठवड्यात यांच्या उजव्या डोळ्यासमोर पडदा उतरला आणि पाच मिनिटांत वर गेला. डोळ्याला रक्त त्याच बाजूच्या कॅरोटिडमधून मिळतं, म्हणून अशी खूण उजव्या शिरेची.

यांच्या मानेची कातडी कडक, आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं. तिथे सुरी लावली तर नसांना इजा होण्याची आणि जखम न भरण्याची भीती. म्हणून स्टेंट. जांघेतून नळी वर नेली, अरुंद जागेच्या पुढे छत्रीसारखी उघडणारी बारीक जाळी ठेवली, मग फुगा, मग स्टेंट, मग पुन्हा फुगा. फुगा फुगताच नाडी ३८वर येते. त्या जागी रक्तदाब मोजणाऱ्या नसा असतात, त्या दाबल्या गेल्या की हृदय मंदावतं. ॲट्रोपिन तयारच असतं. नाडी वर येते. जाळी बाहेर काढल्यावर तिच्यात पिवळट कण दिसतात. ती नसती तर ते मेंदूत गेले असते.

टाका नको, व्रण नको, म्हणून स्टेंटच करा, असं पुष्कळ जण सांगतात. त्यांना २०१० सालच्या क्रेस्ट अभ्यासाबद्दल सांगते. २,५०० रुग्णांत एकूण निकाल दोन्हींकडे जवळजवळ सारखा आला, पण उपचाराच्या आसपासच्या दिवसांत स्टेंटवाल्यांत लकवे जास्त, १०० मागे सुमारे ४ विरुद्ध २. शस्त्रक्रियेत हार्ट अटॅक जास्त, सुमारे २ विरुद्ध १. सत्तरी ओलांडलेल्यांत स्टेंटचा लकव्याचा धोका वाढत जातो. म्हातारपणी महाधमनीची कमान वळणावळणाची आणि खडबडीत होते, आणि तिथून तार नेतानाच कण सुटतात. सकाळच्या काकांना सुरी ती याच हिशेबानं, आणि या गृहस्थांना स्टेंट तो मानेच्या अवस्थेमुळे.

जेवण दहा मिनिटांत उरकते.

दुपारी २:४५

ओपीडी. बाहेर बाकावर जागा नाही.

नुसती चक्कर येते म्हणून मानेचा डॉपलर करून आलेले दोघे. गरगरणं एवढंच लक्षण असेल तर दोष सहसा कॅरोटिडचा नसतो. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे पाठवते.

मग एक निवृत्त बँक अधिकारी. वय ६४. वाढदिवसाला पॅकेजमधल्या तपासण्या केल्या, त्यात उजवी कॅरोटिड ७५ टक्के अरुंद निघाली. कधी हात लुळा पडला नाही, डोळ्यापुढे अंधार आला नाही, बोलणं अडखळलं नाही. मुलगा न्यू जर्सीहून फोनवर आहे. त्याचं म्हणणं, ब्लॉक आहे तर काढून मोकळे व्हा.

इथे माझा हात आखडतो, आणि तो का, हे मुलाला नीट सांगते. लक्षण नसलेल्या शिरांवर शस्त्रक्रियेचा फायदा दाखवणारा मोठा युरोपीय अभ्यास २००४चा आहे. पाच वर्षांत सुमारे १२ टक्क्यांचे लकवे ६ टक्क्यांवर आले. पण त्यातले बरेच रुग्ण नव्वदीच्या दशकात भरती झालेले. तेव्हा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या आजच्यासारख्या सरसकट नव्हत्या. २०२५ साली क्रेस्ट-२चे निकाल आले. त्यात सगळ्यांनाच कसून औषधं दिली होती. नुसत्या औषधांवरच्यांत ४ वर्षांत १०० पैकी ५ ते ६ जणांनाच त्रास झाला. औषधांना शस्त्रक्रियेची जोड देऊन ठळक फायदा दिसला नाही. स्टेंटची जोड दिली तेव्हा ६चे साधारण ३ झाले. म्हणजे १०० जणांना स्टेंट घातले तेव्हा ३ जणांचा लकवा टळला, आणि तेही निवडक, अनुभवी हातांनी घातलेले.

"मग बाबांचं काय करायचं?" मुलगा विचारतो.

बाबांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ आहे आणि कोलेस्टेरॉलची एकही गोळी चालू नाही. रक्तदाब १५६. शिरेतला थर गुळगुळीत, कडक, भेग नाही. मेंदूच्या एमआरआयवर न कळता येऊन गेलेल्या लकव्याची खूण नाही. हातातलं औषध अजून वापरलंच नाही, तर आधी ते वापरू. स्टॅटिन पूर्ण मात्रेत, एलडीएल ७०च्या खाली, ॲस्पिरिन, रक्तदाबाची गोळी, सहा महिन्यांनी पुन्हा डॉपलर. थर वाढताना दिसला तर पुन्हा बोलू. आणि एक गोष्ट कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते. डावा हात किंवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, उजव्या डोळ्यापुढे अंधार आला, तर पाच मिनिटांत बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना. त्या दिवसापासून शीर तीच राहील, पण निर्णय बदललेला असेल.

साहेबांचा चेहरा अजून साशंक आहे. काहीतरी केलं नाही म्हणजे डॉक्टरनं सोडून दिलं, असं माणसाला वाटतं. गोळी रोज घेणं हाच इथे उपचार आहे, हे पटवायला मला शस्त्रक्रिया समजावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो मी देते.

त्यानंतर साताऱ्याकडच्या एक मावशी. चार महिन्यांपूर्वी अंगावरून वारं गेलं, उजवा हात अजून कमजोर. डावी कॅरोटिड पूर्ण बंद, १०० टक्के. मुलानं सोनं गहाण ठेवून पैसे आणलेत आणि ते खिशात आहेत हे तो दोनदा सांगतो.

"९० टक्के असतं तर उघडता आलं असतं. आता बंद झालेली उघडायची नाही," असं सांगितल्यावर त्याला ते उलटं वाटतं, आणि वाटणारच. त्याला कागदावर मेंदूच्या तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं कडं काढून दाखवते. उजवीकडून आणि मागून येणारं रक्त या कड्यातून डावीकडे पोहोचतंय. बंद शिरेतून आता काही वाहत नाही, म्हणून तिच्यातून कणही सुटून वर जाण्याची भीती फारशी उरलेली नाही. जुनी गुठळी हलवायला गेलो तर तीच वर जाईल. कवटीला भोक पाडून बाहेरची शीर आतल्या शिरेला जोडण्याचा मार्गही पारखून झाला आहे. १९८५ आणि २०११ अशा दोन मोठ्या अभ्यासांत त्यानं लकवे कमी झाले नाहीत. मावशींसाठी आता गोळ्या, हाताचा व्यायाम, रक्तदाब फार खाली न नेणं आणि उजव्या शिरेवर नजर. ती चांगली आहे.

"आणि मावशी, मिश्री?"

त्या मान खाली घालतात. सून पटकन म्हणते, "दिवसातून चार-पाच वेळा, मॅडम." मिश्री म्हणजे तंबाखूच. उरलेली शीर जपायची तर ती थांबायला हवी. सुनेच्या हाती तंबाखूमुक्ती केंद्राची चिठ्ठी देते. मुलाला सांगते, उद्याच सोनं सोडवून आण.

संध्याकाळी ५:४५

अतिदक्षता विभाग. काकांचा रक्तदाब १७६ आणि डोक्याची डावी बाजू ठणकतेय. हे हलकं घेत नाही. महिनोन्महिने कमी रक्तावर जगलेल्या मेंदूत एकदम पूर्ण जोरानं रक्त शिरलं, तर सूज येते, फिट येते, कधी रक्तस्राव होतो. शिरेतून लॅबेटॅलॉल सुरू करतो, वरचा आकडा १४०च्या खाली ठेवायचा. दर पंधरा मिनिटांनी नोंद. मानेची जखम दाबून पाहते. सूज नाही, गिळताना त्रास नाही. जीभ सरळ, हसणं सारखं, उजव्या हाताची पकड घट्ट. नातवंडांची नावं पुन्हा सगळी बरोबर येतात. पाऊण तासात दाब १३८ आणि डोकं हलकं.

"परवा घरी जाता येईल. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी मात्र आयुष्यभर," मी म्हणते. उजवी बाजू ४० टक्के आहे. तिला हात लावायचा नाही, दरवर्षी पाहायचं.

रात्री ७:५०

इंदापूरकडच्या एका डॉक्टरांचा फोन. समोर ५५ वर्षांचे ट्रकचालक बसलेत. संध्याकाळी जेवताना डाव्या हातातला पाण्याचा तांब्या सुटला, तोंड वाकडं झालं, पंधरा मिनिटांत सगळं नीट. त्यांनी मानेला स्टेथोस्कोप लावला तर उजवीकडे सूं सूं आवाज येतोय. रक्तदाब १६०, साखर २२०.

त्यांनी स्टेथोस्कोप लावला, याचा मला मनापासून आनंद होतो. आता कमजोरी अजिबात उरलेली नाही ना, हे आधी विचारते. उरली असती तर साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल अशा ठिकाणी थेट न्यावं लागलं असतं, १०८ बोलावून. उरलेली नाही. मग तिथेच सीटी करायला सांगते. रक्तस्राव नाही असं दिसलं की ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही आज रात्रीच. छोट्या झटक्यानंतर पहिले काही दिवस या दोन गोळ्या मिळून लकवा कमी करतात, हे २०१३ सालच्या चीनमधल्या अभ्यासात स्पष्ट दिसलं. आणि रुग्ण इकडे, आजच.

"मॅडम, ते म्हणताहेत परवा मुलीचा साखरपुडा आहे. सोमवारी येतो."

"त्यांच्या घरचं कोण आहे तिथे? फोन द्या."

फोनवर पत्नी येतात. सोमवारी काय होऊ शकतं ते त्यांना साध्या शब्दांत सांगते. साखरपुड्याला बाप पाटावर नीट बसावा म्हणूनच आज निघा, असं म्हणते. पलीकडे थोडी कुजबुज होते. मग त्या विचारतात, "आत्ता निघालो तर किती वाजतील? आणि कागद कुठले आणायचे?"

आधार, रेशनकार्ड, आधीचे रिपोर्ट असतील तर तेही. मग निवासी डॉक्टरांना कळवते. रात्री अकराच्या सुमारास एक भरती येतेय, खाट ठेवा, सकाळी आठला मानेची सीटी अँजिओग्राफी, न्यूरोलॉजिस्टना आत्ताच सांगा. गुरुवारची व्हेरिकोज व्हेन्सची शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात गेली तर चालेल, ती रुग्ण तरुण आहे. मी स्वतः तिच्याशी बोलेन. गुरुवारचं टेबल यांच्यासाठी राखून ठेवा.